शांबोरचा प्रासाद: आराखडा कोणाचा, आणि तो बदलला केव्हा?

रेवाकाठ

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात, ब्लुआ शहराच्या पूर्वेला, कोसों नावाच्या लहानशा नदीकाठी शांबोरचा प्रासाद उभा आहे. त्याच्याविषयी काही महिने वाचन चालू आहे आणि त्यातून पडलेले प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

राजा पहिला फ्रान्स्वा १५१५ साली विसाव्या वर्षी गादीवर आला आणि त्याच वर्षी मारिन्यानोची लढाई जिंकून त्याने मिलान ताब्यात घेतले. इटलीत पाहिलेल्या वास्तूंनी तो भारावून गेला होता. ६ सप्टेंबर १५१९ रोजी त्याने फ्रान्स्वा द पोंब्रियां या अनुभवी अधिकाऱ्याची शांबोरच्या कामावर देखरेखीसाठी नेमणूक केली. ब्लुआच्या सरदारांची शिकारीची जुनी गढी जेथे होती, तेथेच नवे काम सुरू झाले. झाक सूर्दो, पिएर नव्हो ऊर्फ त्रँको, दनी सूर्दो या प्रमुख गवंड्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. मात्र या सर्वांनी ज्याच्या रेषांवर दगड चढवले, त्या माणसाचे नाव समकालीन कागदांत कोठेही सापडत नाही. युरोपातील एवढ्या मोठ्या राजाच्या एवढ्या मोठ्या बांधकामाचा कर्ता निनावी राहावा, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

आता रचनेकडे वळू. मध्यभागी सुमारे ४४ मीटर बाजूचा चौरस बालेकिल्ला आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज आहेत. प्रत्येक मजल्यावर चार प्रशस्त दालने समभुज क्रुसाच्या आकारात एकमेकांना मिळतात, आणि ती मिळतात त्या बिंदूवर तो प्रसिद्ध दुहेरी सर्पिल जिना आहे. क्रुसाच्या चार भुजांमध्ये उरलेल्या चार चौकोनांत आणि चार बुरुजांत प्रत्येकी एक स्वतंत्र निवास, म्हणजे एका मजल्यावर आठ निवास बसवले आहेत. बाहेरून पाहावे तर खंदक, तट आणि बुरूज असलेली मध्ययुगीन गढी दिसते, आणि आत पाऊल टाकावे तर इटलीतील एखाद्या चर्चचा नकाशा समोर येतो. रोममध्ये ब्रामान्ते या वास्तुरचनाकाराने १५०६ साली सेंट पीटरच्या नव्या चर्चसाठी असाच समभुज क्रुसाचा विचार केला होता. तेथे मध्यबिंदूवर घुमट आणि वेदी येणार होती, तर येथे त्या मानाच्या जागी जिना आला आहे.

माझा मुद्दा असा की, शांबोरचा शिल्पकार कोण या प्रश्नावर शंभर वर्षे जेवढी शाई खर्च झाली, तिच्या निम्मी जरी 'मूळ आराखडा काय होता आणि तो केव्हा बदलला' या प्रश्नावर खर्च झाली असती, तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप जवळ आले असते. आज उभी असलेली वास्तू हा १५१९ चा आराखडा नव्हे, असे मानायला सबळ कारणे आहेत. ती पुढे मांडतो. त्याआधी इतरांचे म्हणणे ऐकायला आवडेल.

पायाड

उत्तम विषय. मी व्यवसायाने वास्तुरचनाकार असल्यामुळे आधी जिन्याबद्दल लिहितो, कारण त्याची छायाचित्रे सर्वत्र दिसत असली तरी तो चालतो कसा, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही.

एकाच अक्षाभोवती दोन स्वतंत्र जिने गुंडाळलेले आहेत. दोघांची फिरण्याची दिशा एक आणि चढही सारखाच आहे, परंतु एकाची सुरुवात जेथून होते त्याच्या बरोबर समोरच्या बाजूने दुसरा सुरू होतो. त्यामुळे एकाच्या पायऱ्या कायम दुसऱ्याच्या पायऱ्यांच्या वर किंवा खाली राहतात आणि दोन्ही वाटा कोठेही एकमेकींना छेदत नाहीत. मधला गाभा भरीव खांबाचा नसून पोकळ आहे आणि त्याला खिडक्यांसारखी भोके ठेवली आहेत. एका वाटेने चढणाऱ्याला दुसऱ्या वाटेने उतरणारा माणूस त्या भोकांतून दिसतो, पण तो समोर कधी येत नाही. बाहेरच्या अंगालाही सलग भिंत न घेता खांबांचा उघडा पिंजरा केला आहे, म्हणून चारही दालनांतून जिन्यावरची ये-जा दिसत राहते. हे दोन जिने गच्चीपर्यंत जातात. त्यावर ३२ मीटर उंचीचा दीपमनोरा आहे आणि त्यात मात्र एकेरी सर्पिल जिना आहे.

आता व्यवसायातील माणूस म्हणून एक तक्रार नोंदवतो. इमारतीच्या पोटात जिना घालणे म्हणजे सर्वांत मोलाची जागा येण्याजाण्यासाठी देऊन टाकणे. त्या काळच्या फ्रेंच पद्धतीत सर्पिल जिना दर्शनी भिंतीला लागून, निम्मा बाहेर काढलेला असे. ब्लुआच्या राजवाड्यात याच फ्रान्स्वाने थोड्याच वर्षांपूर्वी तसा देखणा जिना बांधून घेतला होता. उजेड मिळतो, आतली जागा मोकळी राहते आणि राजाला खाली जमलेल्या लोकांना दर्शन देता येते, असे त्याचे सगळे फायदेच फायदे. तरीही शांबोरला तो उचलून थेट मध्यबिंदूवर नेला. सोय पाहणारा माणूस असा निर्णय घेत नाही. ज्याला नकाशातील मध्यबिंदूचे वेड आहे, तोच असा निर्णय घेतो, आणि म्हणून लिओनार्दो दा विंचीचे नाव पुढे येते, त्याचे मला नवल वाटत नाही.

जुने_दप्तर

लिओनार्दोचे नाव आलेच आहे, तर मी विरोधी बाजू मांडतो.

प्रथम तारखा पाहू. लिओनार्दो १५१६ साली राजाच्या आमंत्रणावरून लुआरकाठच्या आंब्वाज गावी आला आणि २ मे १५१९ रोजी तेथेच वारला. शांबोरची आज्ञा निघाली ती त्यानंतर चार महिन्यांनी. १५१७ च्या ऑक्टोबरात एका कार्डिनलचा चिटणीस आन्तोनिओ दे बेआतिस त्याला भेटून गेला होता आणि त्याचा उजवा हात लुळा पडल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तो डावखुरा असल्यामुळे रेखाटन करू शकत असेल, हे मान्य. पण शांबोरसाठी काढलेले त्याचे एकही चित्र आजवर मिळालेले नाही. त्याचे नाव या प्रासादाशी गंभीरपणे जोडले ते मार्सेल रेमों या अभ्यासकाने, आणि तेही १९१३ साली, म्हणजे तब्बल चार शतकांनंतर. त्याआधी एकोणिसाव्या शतकात काही फ्रेंच लेखकांनी सगळे श्रेय त्रँको या गवंड्याला देऊन टाकले होते, कारण त्यांना फ्रान्सच्या मातीतला शिल्पकार हवा होता. प्रत्येक काळ आपल्याला हवा तो माणूस या रिकाम्या जागी बसवतो, असे दिसते.

कागदांचा आधार ज्याला आहे असा माणूस एकच, तो म्हणजे दोमेनिको दा कोर्तोना. हा इटालियन सुतारकामातील तज्ज्ञ फ्रान्सचा राजा आठवा शार्ल याच्याबरोबर १४९५ च्या सुमारास फ्रान्सला आला आणि ब्लुआला स्थायिक झाला. १५३१ साली राजाने त्याला ९०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) दिल्याची नोंद आहे, आणि ते पैसे कशाचे, हेही त्यात लिहिले आहे: गेल्या १५ वर्षांत त्याने केलेल्या लाकडी प्रतिकृतींचे. त्यांत तुर्ने, आर्द्र आणि शांबोर येथील कामे येतात, शिवाय पूल, पवनचक्क्या आणि घोड्यांनी व माणसांनी फिरवायचे घाणेही येतात. हा दोमेनिको जुल्यानो दा सांगाल्लो या इटालियन स्थपतीचा शिष्य होता. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यासाठी पोज्जो आ कायानो येथे सांगाल्लोने जी हवेली बांधली, तिच्यात मध्यभागी मोठे दालन आणि कोपऱ्यांत सारख्या मापाचे निवास, हीच कल्पना आहे. शांबोरच्या चौकोनांची वंशावळ इतकी सरळ समोर दिसत असताना आपण ती लिओनार्दोच्या वह्यांत का शोधत बसलो आहोत, हे मला उमगत नाही.

ओसरी

सर्वांचे प्रतिसाद आवडीने वाचत आहे. एक साधी शंका आहे. एवढा खटाटोप करून राजा तेथे राहिला तरी किती? आणि लिओनार्दो शांबोरला कधी गेला होता, असा काही पुरावा आहे का?

रेवाकाठ

ओसरी, बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत राजा तेथे सगळे मिळून सुमारे ७२ दिवस राहिला, असे सांगितले जाते. दरबार येणार म्हटले की सामानसुमान गाड्यांवर लादून आणावे लागे आणि राजा निघाला की परत न्यावे लागे. थंडीत ती दालने ऊब धरत नसत. वास्तूत २८२ शेकोट्या आहेत, यावरून काय ते समजावे.

लिओनार्दो शांबोरला गेल्याचा पुरावा नाही. मात्र रोमोरांतांची गोष्ट येथे लक्षात घ्यायला हवी. राजाची आई लुईझ द साव्हुआ हिच्यासाठी त्या गावी नवा राजवाडा आणि त्याच्याभोवती कालव्यांनी बांधलेले नगर उभारण्याची योजना लिओनार्दोने १५१७ पासून आखली होती आणि त्याची रेखाटने उपलब्ध आहेत. ती योजना १५१९ च्या सुमारास सोडून देण्यात आली, आणि त्याच वर्षी तेथून फार दूर नसलेल्या शांबोरला काम सुरू झाले. एक मोठे स्वप्न मिटले आणि लगेच दुसरे उघडले, ते पहिल्याशी अगदीच असंबद्ध असेल असे मला वाटत नाही.

जुने_दप्तर यांनी मांडलेला दोमेनिकोचा आधार मला मान्य आहे, पण त्यातच त्यांच्या बाजूची अडचण दडलेली आहे. ती लाकडी प्रतिकृती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्लुआला शिल्लक होती आणि आंद्रे फेलिबियां या फ्रेंच लेखकाने तिची रेखाटने केली. त्या रेखाटनांत क्रुसाच्या आकाराची दालने आहेत, कोपऱ्यांतील निवास आहेत, बुरूजही आहेत. पण मध्यावरचा सर्पिल जिना नाही! क्रुसाच्या एका भुजेत दोन समांतर भिंतींमधून जाणारा सरळ जिना आहे. म्हणजे दोमेनिकोच्या प्रतिकृतीपासून प्रत्यक्ष बांधकामापर्यंत कोणीतरी जिना उचलून केंद्रात आणला, आणि त्या एका बदलाने सगळ्या इमारतीचा अर्थच बदलला.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या मोडलेल्या आराखड्याकडे येतो. बालेकिल्ल्याच्या चार चौकोनांची नीट तुलना केली, तर ते सगळे एकमेकांची प्रतिबिंबे नाहीत आणि एका दर्शनी बाजूची सममिती उघडपणे बिघडलेली आहे. हा गवंड्यांचा हलगर्जीपणा म्हणून पूर्वी सोडून दिला जाई. झां-सिल्व्हँ कायू आणि दोमिनिक ओफबाउएर या अभ्यासकांनी भिंतींचे बारकाईने निरीक्षण करून असे मांडले की, मूळ योजनेत चौकोन समोरासमोर प्रतिबिंबासारखे नसून फिरते होते. एक चौकोन ९० अंशांत वळवला की पुढचा मिळतो, तो वळवला की त्याच्या पुढचा. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाच्या भुजा जशा एकाच दिशेला वळलेल्या असतात, तसा तो सगळा बालेकिल्ला जिन्याभोवती फिरत असल्याचा भास व्हावा, अशी ही कल्पना होती. जिना फिरता आणि त्याच्याभोवतीचा नकाशाही फिरता. असे असेल, तर जिना नंतर चिकटवलेला नसून सगळ्या योजनेचे बीज ठरतो.

मग हे मोडले केव्हा? २४ फेब्रुवारी १५२५ रोजी पाव्हियाच्या लढाईत फ्रान्स्वा स्वतः कैद झाला आणि त्याला माद्रिदला नेण्यात आले. शांबोरचे काम थांबले. १५२६ साली सुटून आल्यावर त्याने ते पुन्हा सुरू करवले, पण आता आपला निवास बालेकिल्ल्यात न ठेवता ईशान्येच्या कोपऱ्यात, बाजूला जोडलेल्या नव्या पाख्यात करायचे ठरवले. समोरच्या बाजूला प्रार्थनागृहाचा पाखा आला. चारही दिशांना सारखेच तोंड असलेली मोकळी वास्तू अशा रीतीने १५६ मीटर लांबीच्या एका दर्शनी रांगेचा मधला तुकडा होऊन बसली.

तूरवासी

नोकरीनिमित्त तूर शहरात राहतो आणि पाहुणे आले की त्यांना घेऊन शांबोरला जाणे ओघाने येतेच. आराखड्याच्या वादात भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही, पण दगडाबद्दल लिहितो.

सगळे बांधकाम त्युफो नावाच्या चुनखडीचे आहे. हा दगड पांढरा आणि इतका मऊ असतो की, ताज्या तुकड्यावर नखाने ओरखडा उमटतो. कोरीव कामाला तो फार सोयीचा, पण पाऊस आणि धूर यांपुढे तग धरत नाही. त्यामुळे कोठे ना कोठे पायाड बांधलेले असतेच आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन दगडांच्या रंगांवरून जुना कोणता आणि बदललेला कोणता, हे सहज कळते. गच्चीवर गेल्यावर धुराड्यांच्या भिंती अगदी जवळून पाहाव्यात. पांढऱ्या दगडात काळ्या पाटीच्या दगडाचे चौकोन, वर्तुळे आणि शंकरपाळ्याचे आकार बसवलेले आहेत. इटलीत रंगीत संगमरवर जडवून हे काम करतात. येथे संगमरवर हाताशी नव्हता, म्हणून कारागिरांनी छपरावर घालायच्या पाटीच्या दगडाचेच तुकडे कापून वापरले. काही ठिकाणी ते खिळ्यांनी ठोकलेले असल्याचे स्पष्ट दिसते. नक्षीची कल्पना इटलीहून आलेली आणि हात मात्र लुआरकाठच्या कारागिरांचे, हे त्या एका भिंतीपाशी उभे राहिले की पटते.

दुसऱ्या मजल्यावरील दालनांच्या कमानदार छतावर कोरलेल्या चौकटी आहेत. त्यांत राजाच्या नावाचे मुकुटधारी आद्याक्षर आणि त्याचे चिन्ह असलेला सॅलमँडर आलटून पालटून येतात. आगीत राहूनही न जळणारा प्राणी अशी त्याची ख्याती होती. तो प्रत्येक चौकटीत निराळ्या पद्धतीने वळलेला आहे. मान वर करून पाहता पाहता मानच अवघडते, एवढी सूचना देऊन ठेवतो.

पायाड

तूरवासी, जडावकामाची माहिती मोलाची आहे. रेवाकाठ यांच्या मांडणीला आणखी एक दुवा जोडतो. आंद्रेआ पाल्लादिओ या इटालियन वास्तुरचनाकाराने १५७० साली छापलेल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात शांबोरच्या जिन्याचे वर्णन आणि आकृती दिली आहे. त्यात एकाच पिंजऱ्यात दोन नव्हे, तर चार वाटा दाखवल्या आहेत. प्रत्यक्षात दोनच आहेत. लिओनार्दोच्या पॅरिसमध्ये असलेल्या एका हस्तलिखितात चार वाटांच्या जिन्याचे रेखाटन आहे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. चार फिरते चौकोन आणि प्रत्येकाची स्वतःची वाट, असा मूळ हेतू असेल, तर चौपदरी जिना हा त्या नकाशाचा तर्कशुद्ध शेवट ठरतो.

शौचकूपांचाही विषय काढायला हवा, कारण खऱ्या अर्थाने तांत्रिक पुरावा तेथे आहे. कायू यांनी बालेकिल्ल्यातील शौचकूपांचा अभ्यास केला. भिंतींच्या जाडीतून उभे नळ खाली उतरतात, खाली दुहेरी खड्डे आहेत, आणि दुर्गंधी वर न येता छपरावरून निघून जावी यासाठी हवेची स्वतंत्र वाट ठेवली आहे. त्या काळी फ्रान्समध्ये एवढी काळजी कोणी घेत नसे. लिओनार्दोला मात्र नगररचनेच्या विचारांत पाणी, हवा आणि घाण यांचे मार्ग वेगळे ठेवण्याचा ध्यास होता.

जुने_दप्तर

पायाड, हे सगळे वाचायला रंजक आहे, पण साखळीतील प्रत्येक कडी 'असेल, तर' या शब्दांनी जोडलेली आहे, याकडे लक्ष वेधतो. पाल्लादिओची आकृती ऐकीव माहितीवरून काढलेली असावी, आणि ऐकीव माहितीत दोनाचे चार व्हायला वेळ लागत नाही. गुंफलेले जिनेही लिओनार्दोच्या डोक्यातूनच प्रथम निघाले, असे नाही. पॅरिसमध्ये बेर्नार्दें या ख्रिस्ती साधूंच्या संघाच्या विद्यालयात चौदाव्या शतकातच तसा दुहेरी जिना होता. इटलीत ओर्व्हिएतो येथे धाकट्या आन्तोनिओ दा सांगाल्लोने १५२७ नंतर पोपसाठी जी खोल विहीर खणली, तिच्यातही पाणी आणणारी खेचरे एका वाटेने उतरून दुसऱ्या वाटेने चढत. ती शांबोरनंतरची असली, तरी अशा युक्त्या त्या पिढीच्या स्थपतींमध्ये सर्रास फिरत होत्या, एवढे तिच्यावरून म्हणता येते. शौचकूपाला हवेची वाट ठेवणे ही काही कोणाची सही नव्हे.

लिओनार्दोच्या चाहत्यांना एवढे समाधान मात्र जरूर घ्यावे की, १९३९ साली युद्धाच्या भीतीने लूव्हरमधील चित्रे हलवली, तेव्हा मोनालिसा प्रथम शांबोरलाच आणून ठेवली होती. त्या चित्रापुरता लिओनार्दो शांबोरला आल्याचा कागदोपत्री पुरावा आहे.

रेवाकाठ

शेवटचे वाक्य वाचून मनापासून हसलो. तरीही माझा आग्रह थोडा वेगळा आहे. लिओनार्दोने शांबोर रचले, असे मी म्हणत नाही. राजाच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तो जवळजवळ तीन वर्षे राहत होता, राजाशी त्याच्या गप्पा होत, आणि ब्लुआला दोमेनिको प्रतिकृती तासत बसला होता. राजाला स्वतःला वास्तुरचनेत रस होता. या तिघांमध्ये झालेल्या बोलण्याचा कागद होत नाही. प्रतिकृतीतील सरळ जिना जाऊन फिरता जिना आला, तो असल्याच एखाद्या बैठकीनंतर आला असावा, असे मला वाटते. एकाच्या नावाने पाटी लावायचा हट्ट सोडला, तर दोन्ही बाजूंचे पुरावे एकत्र नांदू शकतात.

ओसरी

ती लाकडी प्रतिकृती पुढे कोठे गेली? ती आज असती, तर हा वाद तेथल्या तेथे मिटला असता, नाही का?

जुने_दप्तर

ओसरी, प्रतिकृती आज अस्तित्वात नाही, फेलिबियांची रेखाटने तेवढी उरली आहेत. ती सापडली असती तरी वाद मिटला असता, याची मला खात्री वाटत नाही. फेलिबियांने पाहिली तेव्हा ती दीडशे वर्षांची झालेली होती. दोमेनिकोचे पैसे १५ वर्षांच्या कामाचे होते आणि त्या काळात एका वास्तूच्या एकाहून अधिक प्रतिकृती होणे ही नित्याची बाब होती. उरलेली प्रतिकृती पहिली होती, मधली होती की राजाने नाकारून बाजूला ठेवलेली होती, हे त्या चित्रांवरून ठरवता येत नाही. ती नाकारलेली असेल, तर रेवाकाठ म्हणतात त्याप्रमाणे जिना नंतर हलला हे मान्य करायला माझी हरकत नाही. पण तो हलवणारा हात दोमेनिकोचाच नव्हता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सुधारलेली प्रतिकृती करून देण्याचे काम राजाने त्यालाच सांगितले असणार, कारण पैसे त्यालाच मिळालेले आहेत.